गॅल्व्हेस्टनचे वादळ आणि क्लाइनचे घर

अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर टेक्सस नावाचं राज्य आहे. त्या किनाऱ्यालगत, मेक्सिकोच्या आखातात, गॅल्व्हेस्टन हे एक लांबट चिंचोळं बेट आहे. लांबी सुमारे २७ मैल आणि रुंदी कुठे दीड मैल, तर कुठे तीन. ना डोंगर ना खडक, सगळी समुद्राने आणून टाकलेली वाळू. १९०० साली या बेटावरच्या शहरातली सर्वांत उंच जागा समुद्रसपाटीपासून जेमतेम ९ फूट होती. आणि अशा जागेवर सुमारे ३८ हजार माणसं मोठ्या सुखाने नांदत होती. कापसाच्या गाठी परदेशी धाडणारं हे मातब्बर बंदर. पेढ्या, शाळा, इस्पितळं, विजेवर चालणाऱ्या ट्रामगाड्या, सगळा थाट होता. ८ सप्टेंबर १९०० या शनिवारी रात्री या शहरावर हरिकेन आलं आणि सकाळपर्यंत सहा माणसांमागे एक माणूस मेलेला होता. अमेरिकेच्या इतिहासात निसर्गाच्या एका तडाख्यात इतकी माणसं त्याआधी मेली नव्हती, आणि त्यानंतर आजवरही मेलेली नाहीत.

हरिकेन म्हणजे काही निराळी चीज नाही. आपण ज्याला चक्रीवादळ म्हणतो तेच. अटलांटिककडे त्याला हरिकेन म्हणतात, चीन-जपानकडे टायफून म्हणतात, एवढंच. समुद्राच्या कोमट पाण्यावर ते पोसतं, आणि विषुववृत्ताच्या उत्तरेला त्याचे वारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने गरगरतात. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' वादळ श्रीवर्धनच्या बाजूने जमिनीवर चढलं, तेव्हा रायगड-रत्नागिरीच्या लोकांनी नारळी-पोफळी आडव्या होताना आणि पत्रे पानासारखे उडताना पाहिले. त्यांना वाऱ्याचं वर्णन सांगायची गरज नाही. परंतु गॅल्व्हेस्टनची गोष्ट मुख्यतः वाऱ्याची नाही, पाण्याची आहे. वादळ किनाऱ्याकडे येताना समुद्राचं पाणी पुढे ढकलत आणतं. त्या रात्री हे उधाण १५ फुटांच्या वर गेलं. ९ फुटांचं बेट आणि १५ फुटांचं पाणी! हिशेब कोणालाही करता येईल.

मग प्रश्न येतो, की माणसं निघून का गेली नाहीत? वर्गात हा भाग शिकवताना मुलं पहिल्यांदा हेच विचारतात, आणि थोड्या उपहासानेच विचारतात. याचं उत्तर त्या माणसांच्या रोजच्या सवयीत आहे. गॅल्व्हेस्टनला दोन-चार वर्षांनी एकदा रस्त्यांत समुद्राचं पाणी येतच असे. म्हणून लोकांनी घरं लाकडी खांबांवर उचलून बांधली होती. पाणी घराखालून वाहून जायचं, मुलं त्यात खेळायची आणि दुसऱ्या दिवशी चिखल धुतला की झालं. आमच्याकडे नदीकाठच्या गावाला पुराची जशी सवय असते, तशीच ही. सवय झालेल्या संकटाला माणूस संकट म्हणत नाही.

दुसरं कारण अधिक मोलाचं आहे. शेजारच्या किनाऱ्यावर इंडियानोला नावाचं असंच एक बंदर होतं. १८७५ साली त्याला वादळाने झोडपलं. लोकांनी ते पुन्हा उभं केलं. १८८६ साली दुसरं वादळ आलं आणि इंडियानोला कायमचं उठलं. तेव्हा गॅल्व्हेस्टनच्या लोकांचे डोळे थोडे उघडले, समुद्राच्या बाजूने भिंत घालावी अशी चर्चा निघाली. परंतु खर्च दिसू लागला तशी चर्चा विरली. त्यानंतर १८९१ साली तिथल्या हवामान कचेरीचे प्रमुख आयझॅक क्लाइन यांनी वर्तमानपत्रात एक लेख लिहिला. आखातात उतार उथळ आहे, मोठी वादळं सहसा या बाजूला वळत नाहीत, आणि गॅल्व्हेस्टनचं वादळामुळे मोठं नुकसान होईल ही भीती निराधार आहे, असा त्याचा मथितार्थ. क्लाइन हे काही बाजारगप्पा मारणारे गृहस्थ नव्हते. वैद्यकाची पदवी मिळवलेला, अभ्यासू, शिस्तीचा सरकारी अधिकारी. त्यामुळे लोकांनी त्यांच्या शब्दावर मान डोलावली. भिंतीचा विषय संपला.

या ठिकाणी मला आपल्याकडचे एक गृहस्थ आठवतात. कलकत्त्याला हेन्री पिडिंग्टन नावाचे एक जुने दर्यावर्दी होते. इंग्रजीतला 'सायक्लोन' हा शब्द त्यांनीच घडवला. सापाच्या वेटोळ्यावरून ग्रीक भाषेतून त्यांनी तो घेतला. कलकत्त्याजवळ मातला नदीवर नवं बंदर बांधायचा सरकारचा बेत होता. पिडिंग्टन यांनी १८५३ साली गव्हर्नर जनरलना जाहीर पत्र लिहून बजावलं, की इथे वादळाची लाट येईल आणि सगळं धुऊन नेईल. त्यांचं कोणी ऐकलं नाही. पोर्ट कॅनिंग बांधलं गेलं, आणि १८६७ च्या नोव्हेंबरमध्ये वादळाने ते मोडलं. तोवर पिडिंग्टन वारले होते. भीती घाला असं सांगणारा जाणता माणूस इथे होता, त्याला कोणी विचारलं नाही. निर्धास्त राहा असं सांगणारा तिथे होता, त्याचं सगळ्यांनी ऐकलं. निर्धास्त करणारा शब्द स्वस्त पडतो, त्याला भिंतीचा खर्च लागत नाही.

सप्टेंबर १९०० चं हे वादळ आधी क्यूबावरून गेलं. क्यूबा तेव्हा अमेरिकेच्या लष्करी अमलाखाली होतं. हवानाच्या बेलेन वेधशाळेतले जेझुइट पाद्री वर्षानुवर्षं वादळांचा अभ्यास करीत आले होते. वादळ पश्चिमेकडे, आखातात शिरेल, असं तिथल्या जाणकारांचं म्हणणं पडलं. पण वॉशिंग्टनच्या हवामान खात्याचे मुख्य विलिस मूर यांना या 'परक्यां'च्या अंदाजांचं वावडं होतं. तिथून येणाऱ्या हवामानविषयक तारांवरच बंधन घातलं गेलं होतं. वॉशिंग्टनने आपल्या ठोकताळ्याने ठरवलं, की वादळ फ्लोरिडावरून ईशान्येकडे वळणार. त्याबरोबर एक नियमही होता : वादळाचा इशारा द्यायचा तो वॉशिंग्टनने, गावातल्या कचेरीने परस्पर देऊ नये. म्हणजे ज्याच्या डोळ्यांसमोर समुद्र होता त्याने शेकडो कोसांवरून हुकूम यायची वाट पाहावी, अशी ही व्यवस्था!

शनिवारी पहाटे क्लाइनना दिसलं, की पाणी सखल भागात शिरतं आहे. चमत्कार असा, की वारा उत्तरेचा होता, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे वाहत होता. अशा वाऱ्याने समुद्र मागे हटायला हवा, आणि तो तर वाऱ्याच्या तोंडावर चढत होता. लांबून येणाऱ्या मोठमोठ्या लाटा किनाऱ्यावर आपटत होत्या. उत्तरेच्या वाऱ्याने बेटामागच्या खाडीचं पाणीही शहरात लोटलं. म्हणजे दोन्ही बाजूंनी पाणी येऊ लागलं. सकाळी मात्र शहरात जत्रेसारखी हौस होती. लोक ट्राममधून लाटा बघायला किनाऱ्यावर गेले. पोरं रस्त्यातल्या पाण्यात फळ्यांचे तराफे करून खेळत होती. दुपारच्या सुमारास मुख्य भूमीला जोडणारे पूल पाण्याने निकामी केले, तेव्हा निघावंसं वाटलं तरी निघायला वाट उरली नाही. क्लाइन यांनी पुढे लिहिलं आहे, की त्यांनी घोडागाडीतून किनाऱ्याने फिरून लोकांना सावध केलं. काही इतिहासकारांना याची शंका आहे. इतरांच्या आठवणींत याला पुरेसा दुजोरा मिळत नाही, असं ते म्हणतात. मला वाटतं, काही लोकांना त्यांनी नक्की सांगितलं असेल. पण नऊ वर्षांपूर्वी छापून आलेला निर्धास्तपणा एका सकाळच्या फेरीने पुसला जाणं शक्य नव्हतं.

आता क्लाइन यांच्या घराकडे येऊ, कारण या वादळाचा सगळा इतिहास त्या एका घरात पाहायला मिळतो.

किनाऱ्यापासून तीन-चार गल्ल्या आत त्यांचं दुमजली लाकडी घर होतं. वादळांचा अभ्यास करून, मुद्दाम भक्कम बांधलेलं. १८७५ च्या वादळात पाणी कुठवर आलं होतं ते पाहून त्याची तळफळी त्याच्या वर ठेवली होती. गल्लीतल्या सर्वांना हे ठाऊक होतं. म्हणून पाणी कमरेला लागलं, तशी शेजारपाजारची माणसं आपापली घरं सोडून तिकडे येऊ लागली. बायका, मुलं, म्हातारी, आणि घर बांधणाऱ्या मिस्त्रींपैकी काही जणसुद्धा. संध्याकाळपर्यंत त्या घरात पन्नासेक माणसं जमली. क्लाइन कचेरीतून पाण्यातून चालत घरी आले तेव्हा घर असं माणसांनी भरलेलं. त्यांनी कोणालाही परतवलं नाही. वरच्या मजल्यावर सगळ्यांची सोय केली.

त्यांचे धाकटे भाऊ जोसेफ हेही हवामान कचेरीतच नोकरीला. ते आले ते एकच गोष्ट मनात धरून, की हे घर सोडून शहराच्या मध्यभागी जावं, तिथे थोडा उंचवटा आहे. दोघा भावांत मतभेद झाला. आयझॅक म्हणाले, घर पक्कं आहे. पत्नी कोरा आजारी होती, अंथरुणावर होती आणि पोटुशी होती. तिला छातीभर पाण्यातून, उडत्या फळ्या-कौलांच्या माऱ्यातून कसं न्यायचं? ही अडचण खोटी नव्हती. शहरात १८८५ साली मोठी आग लागल्यापासून छपरांवर पाटीच्या दगडाची कौलं घालण्याचा नियम झाला होता. आगीवरचा हा उपाय वादळात सुऱ्यांसारखा सुटला, आणि रस्त्यात माणसं त्याने जखमी झाली, मेलीसुद्धा. मुक्काम घरीच करायचा असं ठरलं. त्या पन्नास जणांनीही तेच धरलं, कारण हवामान कचेरीचा साहेबच जर घरात थांबतो, तर आपण कुठे जायचं?

संध्याकाळी सव्वापाचच्या सुमारास कचेरीच्या छपरावरचं वारा मोजायचं यंत्र उडून गेलं. शेवटची नोंद तासाला ८४ मैलांची होती, आणि खरा वेग त्यानंतर वाढला. मग वारा उत्तरेकडून पूर्वेला आणि पुढे आग्नेयेला फिरला. म्हणजे इतका वेळ जो वारा समुद्राला थोडाफार अडवत होता, तोच आता त्याला पाठीमागून रेटू लागला. साडेसातच्या सुमारास क्लाइन दाराशी उभे असताना पाणी चार सेकंदांत चार फूट चढलं, असं त्यांनी आपल्या अहवालात लिहून ठेवलं आहे.

यापुढे जे झालं ते नीट समजून घ्यायला हवं. लाटांच्या नुसत्या माऱ्याने क्लाइन यांचं घर कदाचित पडलं नसतं. पण किनाऱ्यालगतची पहिली रांग आधी कोसळली. तिचे वासे, दारं, भिंती, छपरं लाटेवर चढून दुसऱ्या रांगेवर आपटली. दुसरी रांग पडली ती तिसऱ्यावर गेली. शेजाऱ्याच्या घराचं लाकूडच आपल्या घराला धडका देणारा ओंडका झालं. क्लाइन यांच्या घरावर ट्रामच्या रुळांचा एक लांबलचक लाकडी पूल, रुळांसकट, येऊन आदळला. साडेआठला घर उलथलं. पन्नास माणसांपैकी अठरा वाचली. कोरा क्लाइन गेल्या. जोसेफ यांनी दोन थोरल्या पुतण्यांना हाताशी धरून खिडकीची तावदानं फोडून बाहेर उडी घेतली होती. आयझॅक पाण्याखाली दाबले गेले, वर आले आणि विजेच्या उजेडात त्यांना धाकटी मुलगी दिसली. तीन तास ही पाच माणसं मोडक्या लाकडांवर वाहत राहिली. वाऱ्यातून येणाऱ्या फळ्यांपासून वाचायला पाठीशी दुसऱ्या फळ्या धरून बसली होती. अखेर ती टेकली, तेव्हा मूळ घरापासून फक्त तीनशे यार्डांवर होती. कोराचा देह ३० सप्टेंबरला ढिगाऱ्याखाली सापडला. बोटातल्या अंगठीवरून ओळख पटली.

आपण पक्कं घर बांधलं म्हणजे आपण सुटलो, हा जो प्रत्येक कर्त्या माणसाचा समज असतो, त्याचं या घरात काय झालं ते पाहा. घर मजबूतच होतं. पण ते आणि समुद्र यांच्यामध्ये कोणाची घरं होती, ती कशी बांधलेली होती, यावर त्याचं आयुष्य अवलंबून होतं. त्याचीच दुसरी बाजूही आहे. पडत पडत पुढे सरकलेल्या हजारो घरांचा तो कचरा अखेर एका जागी अडला आणि त्याची शहरभर एक लांब, दुमजली घराइतकी उंच भिंत झाली. त्या भिंतीने लाटा अडवल्या आणि तिच्यामागचं निम्मं शहर वाचलं. जी भिंत खर्चाच्या भीतीने बांधली नव्हती ती त्या रात्री सुमारे ३,६०० घरांची आणि त्यांतल्या माणसांची बांधली गेली.

त्या रात्री शहरात आणखी कितीतरी दारं उघडी होती. उर्सुलाइन पंथाच्या जोगिणींचा विटांचा मठ होता. तिथे सुमारे हजार माणसांनी आसरा घेतला. जोगिणींनी जात, वर्ण, पंथ विचारला नाही. वाहत जाणाऱ्यांना खिडक्यांतून आत ओढून घेतलं. त्याच रात्री तिथे काही बायका बाळंत झाल्या. बाहेर मरण आणि आत नवजात पोरांचं रडणं, असा तो प्रकार. ल्यूकस टेरेस नावाच्या मोठ्या इमारतीत एक शाळाशिक्षिका राहत असे. तिच्या खोलीत बावीस माणसं गोळा झाली. रात्रभर एकेक भिंत, एकेक खोली पडत गेली. चौसष्ट खोल्यांपैकी सकाळी एकच उभी होती, आणि ती या शिक्षिकेची. बावीसही जण जिवंत होते. यात योगायोग आहे, हे मी नाकारत नाही. पण ती दार लावून एकटी बसली असती, तर योगायोगाने एकच जीव वाचवला असता.

काही घरांत कर्त्या पुरुषांनी कुऱ्हाडीने स्वतःच्याच घराच्या तळफळ्या फोडल्या. ऐकायला विचित्र वाटतं. पण विचार केला तर बरोबर आहे. लाकडी घर पाण्यावर होडीसारखं तरंगून खांबांवरून सुटतं. आत पाणी घेतलं की ते जड होऊन जागेवर राहतं. ज्यांना हे उमजलं त्यांची घरं काही ठिकाणी टिकली.

शहराच्या बाहेर, तीन मैलांवर, किनाऱ्यालगतच सेंट मेरीचं अनाथालय होतं. तिथे ९३ मुलं आणि १० जोगिणी होत्या. पाणी चढलं तशी त्यांनी सगळी मुलं नव्या, मजबूत इमारतीत आणली. भीती जावी म्हणून त्यांच्याकडून समुद्राच्या देवीचं स्तोत्र म्हणवून घेतलं. मग कपडे वाळत घालायची दोरी कापून प्रत्येक जोगिणीने आपल्या कमरेला काही मुलं बांधली, म्हणजे कोणी हातचं सुटू नये. इमारत पडली. तीन थोरली मुलगे एका झाडाला लटकून वाचले. बाकी सगळे गेले. पुढे ढिगारा उपसताना वाळूत एक दोरी दिसायची, आणि ती ओढली की एकामागून एक लहान देह वर यायचे. या दोरीबद्दल लोक दोन तऱ्हांनी बोलतात. कोणी म्हणतात, बांधलं नसतं तर एखादं मूल वाचतं. मला त्या वादात पडावंसं वाटत नाही. दहापैकी एकीनेही स्वतःला मोकळं ठेवलं नाही, एवढं नोंदवतो. त्या पंथाच्या जोगिणी दर वर्षी ८ सप्टेंबरला ते स्तोत्र अजून म्हणतात.

खाडीच्या पलीकडे बोलिव्हर नावाच्या भूशिरावर दीपगृह आहे, लोखंडी, उंच. शनिवारी दुपारी एक आगगाडी तिथवर आली. ती तराफ्यावर चढवून गॅल्व्हेस्टनला न्यायची रीत होती, पण तराफा धक्क्याला लागेना. गाडी परत निघाली आणि पाण्यात अडकली. ९५ उतारूंपैकी १० जण उतरले आणि पाणी तुडवत दीपगृहाकडे गेले. ८५ डब्यात बसून राहिले. डबा कोरडा होता, ऊबदार होता, ओळखीचा होता. ते ८५ ही गेले. दीपगृहाचा रखवालदार क्लेबर्न याने दार उघडं ठेवलं होतं. आतल्या चक्री जिन्याच्या एकेका पायरीवर दोघं-दोघं अशी शंभरावर माणसं त्या रात्री बसून होती.

रविवारी सकाळी आभाळ निवळलं. बाहेरच्या जगाला काहीच कळलेलं नव्हतं, तारा तुटलेल्या. काही माणसं एका होडीतून खाडीपार जाऊन ह्यूस्टनला पोचली. ५०० माणसं मेली असावीत असा निरोप त्यांनी दिला. खरा आकडा मोठा आहे हे त्यांना दिसत होतं, पण लोक अतिशयोक्ती म्हणतील या धास्तीने तो कमी सांगितला! मृतांचा नेमका आकडा कधीच निश्चित झाला नाही. शहरातला ६ ते ८ हजारांच्या दरम्यान धरतात. आसपासचा किनारा धरून १२ हजारांपर्यंतही काही जण सांगतात.

शेजारधर्माच्या या गोष्टीत एक काळी ओळ आहे, ती गाळता येत नाही. प्रेतं इतकी होती की पुरणं शक्य नव्हतं. ती गलबतात भरून समुद्रात सोडायचं ठरलं. ते काम करायला काळ्या वर्णाच्या पुरुषांना बंदुकीच्या धाकाने नेलं. समुद्राने प्रेतं पुन्हा किनाऱ्यावर आणून टाकली, तेव्हा आठवडेच्या आठवडे ठिकठिकाणी चिता पेटवाव्या लागल्या. याच वेळी वर्तमानपत्रांनी काळ्या लोकांवर प्रेतं लुटल्याचे भडक आरोप छापले, ज्यांना फारसा आधार नव्हता. शनिवारी रात्री मठाच्या खिडकीतून ज्याला ओढून घेतलं, त्याच्यावर सोमवारी बंदूक रोखली गेली. पाणी ओसरलं तशी जुनी पायरी वर आली.

मदतही फार मोठी झाली, हेही तितकंच खरं. अमेरिकेच्या रेड क्रॉसच्या संस्थापिका क्लारा बार्टन ७८ व्या वर्षी स्वतः तिथे येऊन राहिल्या. अन्नवस्त्र तर त्यांनी वाटलंच, शिवाय मुख्य भूमीवरच्या शेतकऱ्यांना स्ट्रॉबेरीची सुमारे १५ लाख रोपं दिली. शेतकऱ्याला भाकरी एक दिवस पुरते, रोप हंगाम उभा करतं, हे या म्हातारीने ओळखलं होतं. आपल्या श्रोत्यांना एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. त्याच वर्षी आपल्याकडे मोठा दुष्काळ होता, गुजरातकडे ज्याला छपन्नचा दुष्काळ म्हणतात तोच. १९०० च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या 'ख्रिश्चन हेरल्ड' पत्राच्या पुढाकाराने, लोकांच्या वर्गणीतून जमलेला मका घेऊन 'किटो' नावाची बोट न्यूयॉर्कहून मुंबईला निघाली होती. मे मध्ये देणारा देश सप्टेंबरात स्वतः हात पसरून उभा होता.

यानंतर गॅल्व्हेस्टनने जे केलं ते वादळाइतकंच ऐकण्यासारखं आहे. तीन नामांकित अभियंते नेमले. त्यांपैकी हेन्री मार्टिन रॉबर्ट हे सभा कशी चालवावी याचे नियम लिहिणारे म्हणून जगप्रसिद्ध आहेत. त्यांनी दोन गोष्टी सुचवल्या. पहिली, समुद्रालगत १७ फूट उंचीची काँक्रीटची भिंत. ती १९०२ ते १९०४ मध्ये तीन मैलांची झाली, पुढे वाढत सुमारे दहा मैलांवर गेली. दुसरी गोष्ट अचाट : सगळं शहरच वर उचलायचं. १९०३ ते १९११ अशी आठ वर्षं हे काम चाललं. दोन हजारांहून अधिक इमारती स्क्रूच्या जॅकवर उचलल्या, आणि समुद्रातून उपसलेली वाळू-पाणी नळांनी त्यांच्याखाली सोडून भर केली. भिंतीजवळ भर जास्त, खाडीकडे उतरती. सेंट पॅट्रिकचं ३,००० टनांचं चर्च सातशे जॅक लावून पाच फूट उचललं. आत प्रार्थना चालू राहिल्या. गल्लीगल्लीतून उंच फळ्यांच्या वाटा घातल्या होत्या. वर्षानुवर्षं लोक त्यांवरून बाजारहाटाला, शाळेला जात. भर सार्वजनिक पैशाने झाली, पण आपलं घर उचलण्याचा खर्च ज्याचा त्याने करायचा होता. गरिबांना तो जड गेला. परंतु या खेपेला एकट्याचं घर उंच करून भागत नव्हतं, सारी गल्ली एकदम उचलावी लागे. खारट वाळूने झाडं, बागा मेल्या. मग तिथल्या बायकांच्या मंडळाने माती आणवून हजारो झाडं लावली. त्यांत आपली कण्हेर पुष्कळ. खाऱ्या वाऱ्याला ती दाद देत नाही.

क्लाइन १९०१ साली न्यू ऑर्लिन्सला बदलून गेले. दोघा भावांत पुढे अबोला धरला गेला, तो कायमचा. दोघे एकाच वर्षी, १९५५ साली वारले. आयझॅक यांनी उरलेलं आयुष्य एकाच अभ्यासाला दिलं : वादळ येण्याआधी समुद्र कुठे, किती आणि कधी चढतो. १९२६ साली त्यांनी चक्रीवादळांवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. माणसं वाऱ्यापेक्षा पाण्याने जास्त मरतात, आणि पाण्याची चाहूल आधी घेता येते, हा त्याचा गाभा होता. १८९१ च्या लेखाला त्यांनी दिलेलं हे उत्तर मी मानतो. त्यांनी स्वतः तसं म्हटल्याचं माझ्या वाचनात नाही.

१९१५ च्या ऑगस्टमध्ये जवळजवळ तेवढंच वादळ पुन्हा गॅल्व्हेस्टनवर आलं. भिंत टिकली, आणि शहरात मेलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याजोगी होती. पण खाडीपलीकडे बोलिव्हरला भिंत नव्हती. तिथल्या लोकांनी दीपगृह गाठलं. साठेक माणसं रात्रभर त्याच जिन्यावर बसली. वाऱ्याने मनोरा इतका हेलकावत होता की दिवा फिरवायचं यंत्र चालेना. रखवालदार वर जाऊन तो हाताने फिरवीत राहिला.